मोटारीचीं चाकें घरच्या घरीं रंगवितांना

मध्यमवर्गीय कुटुंबांतील मोटार दहाबारा वर्षांची झाली, तरी तिचें अंग पुष्कळदां धडधाकट असतें. वय दिसतें तें चाकांवर. कोंकणच्या किनाऱ्यावर तर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढें लोखंडी रिमवरील कारखान्यांतला रंग फार काळ टिकाव धरीत नाहीं. खडा उडून टवका निघतो, तेथून पाणी शिरतें आणि गंज रंगाच्या खालून वाळवीसारखा पसरत जातो. ब्रेकच्या घर्षणानें झिजलेल्या लोखंडाचा तप्त भुगाहि चाकावर बसून तेथेंच गंजतो. बहुतेक मालक वर प्लास्टिकचें झांकण बसवून मोकळे होतात. झांकणाखालीं ओल अधिक वेळ राहते, याची दखल मात्र सहसा कोणी घेत नाहीं.

अशीं चाकें फवाऱ्याच्या डब्यानें घरीं रंगवितां येतात. डब्यांतून रंग उडविण्याची ही युक्ति अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांतले रंगाचे व्यापारी एडवर्ड सिमोर यांनीं १९४९ सालीं काढली. आपला ॲल्युमिनियमचा रंग गिऱ्हाइकांस दाखवितां यावा एवढाच त्यांचा हेतु होता, आणि कल्पना त्यांच्या पत्नीची होती. म्हणजे पहिला डबाहि रुपेरीच. चाकांना आज बहुधा जो रंग देतात तोच. डब्यांत रंग व द्रावक यांच्या जोडीला दाबानें द्रवरूप केलेला वायु असतो. बोंडी दाबतांच तो उसळून बाहेर येतो आणि रंगाचे तुषार करतो. या बाष्पीभवनाला लागणारी उष्णता डब्यांतूनच घेतली जात असल्यानें डबा हातांत गार पडतो, दाब उतरतो आणि तुषारांऐवजीं थेंब पडूं लागतात. अशा वेळीं डबा कांहीं मिनिटें कोमट पाण्यांत धरावा. विस्तवाजवळ किंवा उन्हांत तापणाऱ्या गाडींत तो कधींहि ठेवूं नये. ५० अंशांच्या वर तो तापूं देऊं नये अशी सूचना डब्यावरच छापलेली असते, आणि आंतील वायु बहुधा ज्वालाग्राही असतो.

आतां खर्चाचा हिशेब. १९८३ ते २०१४ या काळांत निघालेल्या मारुति ८०० या गाडीचें चाक १२ इंची. कडेसकट त्याच्या दर्शनी भागाचें क्षेत्रफळ सुमारें १,००० चौरस सेंटिमीटर धरलें, तर स्टेपनीसह पांच चाकांचें अर्धा चौरस मीटर होतें. रंगाचे तीन हात म्हणजे दीड चौरस मीटर. ४०० मिलिलिटरच्या एका डब्यांत तेवढा रंग साधारणतः असतो. परंतु गोल आणि भोकें असलेल्या वस्तूवर मारलेल्या तुषारांपैकीं निम्मे तरी हवेंत जातात. म्हणून रुपेरी रंगाचे दोन डबे घ्यावे, आणि प्रायमर व वरचा पारदर्शक लॅकर यांचा एकेक. प्रायमर गाळून पैसे वाचविण्याचा मोह पुष्कळांना होतो व पहिल्याच पावसाळ्यांत तो महाग पडतो. खरी बचत मजुरीची आहे, आणि ती मजुरी घासण्याची आहे.

चाक प्रथम साबणाच्या पाण्यानें धुवावें. डांबराचे ठिपके रॉकेलाच्या बोळ्यानें निघतात. पण रॉकेल आपला तेलकट थर मागें ठेवतें, म्हणून पुन्हां साबण लावणें आलेंच. तेलावर कोणताहि रंग धरत नाहीं. गंज तारेच्या ब्रशानें खरवडून नंतर ८० नंबरच्या कांचकागदानें चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावा. भोंवतालचा घट्ट बसलेला जुना रंग काढण्याची आवश्यकता नाहीं. त्याची चकाकी ३२० नंबरच्या वॉटर पेपरनें मोडली म्हणजे पुरे. जुना रंग आणि उघडें लोखंड यांमधील पायरी बोटाला लागतां कामा नये. येथें डोळ्यापेक्षां बोट अधिक विश्वासू. घासतांना नटांच्या भोंकांभोंवतीं किंवा जोडावर तडा दिसला, अगर कड वांकलेली आढळली, तर तें चाक रंगविण्याच्या लायकीचें राहिलें नाहीं असें समजून बाजूला काढावें.

टायर झांकण्यासाठीं जुन्या लग्नपत्रिका उत्तम. टायरमधील हवा थोडी कमी करून रिमची कड व रबर यांमध्यें त्या एकावर एक चढवीत खोंवल्या, कीं चाकाभोंवतीं कमळासारखी झालर उभी राहते आणि चिकटपट्टीचा खर्च वांचतो. पट्टी लागते ती व्हॉल्व्हला आणि दुसऱ्या एका जागीं. ती जागा सर्वांत महत्त्वाची.

चाकाचा मागील जो सपाट भाग हबवर टेकतो तो, आणि नट ज्या उतरत्या खळग्यांत बसतात ते खळगे, मुळींच रंगवूं नयेत. चाक नटांवर टांगलेलें असतें असा समज आहे. वस्तुतः नटांनीं तें हबवर आवळलें जातें व त्या आवळण्यांतून होणाऱ्या घर्षणानें तें जागीं राहतें. मध्यें रंगाचा जाड थर आला तर गाडी चालतांना तो तापतो, चिरडला जातो, आणि जेवढा चिरडला तेवढी आवळ ढिली पडते. डोळ्यांना चाक पूर्वीपेक्षां सुंदर दिसत असतें, आणि नट सैल होत असतात. घाट उतरतांना हें लक्षांत येणें म्हणजे फार उशीर झाला.

रंगाला ऋतु पाहावा लागतो. पावसाळ्यांत द्रावक उडतांना पृष्ठ गार पडतें व त्यावर हवेंतील ओल बसून रंग पांढुरका होतो. वैशाखांतल्या उन्हांत तुषार चाकावर पोंचण्यापूर्वींच सुकून खरखरीत बसतात. दिवाळीपासून माघापर्यंतची दव ओसरल्यानंतरची निवांत सकाळ सर्वांत बरी. जमिनीवर पाणी शिंपडलें म्हणजे धूळ उडत नाहीं. काम उघड्यावरच करावें, मात्र शेजाऱ्याची गाडी आणि वाळत घातलेलीं धुणीं दूर असावींत. नाकाला बांधलेलें फडकें द्रावकाची वाफ अडवीत नाहीं. त्यासाठीं कोळशाची डबी असलेला मुखवटा मिळतो. त्याचा खर्च टाळूं नये.

प्रायमर, रंग आणि लॅकर एकाच जातीचे घ्यावे. ब्रशानें लावावयाच्या स्वस्त रेड ऑक्साइडवर फवाऱ्याचा रंग मारला तर वरच्या रंगांतील तीव्र द्रावकानें खालचा थर फुगून सुरकुततो. आंतील गोळी वाजूं लागल्यावरहि डबा एकदोन मिनिटें हलवावा. तो चाकापासून वीतभर दूर धरावा. फवारा कडेच्या बाहेर सुरू करून पलीकडच्या कडेबाहेर थांबवावा. पहिला हात इतका विरळ असावा, कीं खालचा प्रायमर दिसत राहील. दहापंधरा मिनिटांनीं दुसरा, मग तिसरा. एकाच हातांत चाक झांकूं पाहणाऱ्याच्या वांट्याला ओघळ येतात. रंग अर्ध्या तासांत बोटाला सुका लागला, तरी चाक एक दिवस बसवूं नये व आठवडाभर धुवूं नये.

गाडी जॅकवर टांगून ठेवण्याचें मात्र कारण नाहीं. प्रथम स्टेपनी रंगवावी, मग ती एका चाकाच्या जागीं बसवून तें चाक रंगवावयास घ्यावें, आणि असेंच पुढें जावें. स्टेपनी लहान मापाची असेल तर ही सोय नाहीं. जुन्या छोट्या गाड्यांत ती बहुधा सारखीच असते. चाक चढविण्यापूर्वीं टायरमध्यें हवा पुरी भरावी, तिरक्या क्रमानें समोरासमोरचे नट आवळावे, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पाना पुन्हां एकदां लावून पाहावा. ओघळ जर पडायचेच तर ते पहिल्या चाकावर, म्हणजे स्टेपनीवर पडतात; ती भिंतीकडील बाजूस, मागें बसवावी.