आईच्या नावाची नाणी

मीरा रोडला नया नगरच्या बाजूने स्टेशनात शिरून विरार लोकल पकडली, की खाडीपलीकडे चौथं स्टेशन नालासोपारा. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव 'सुप्पारा' असं येतं. रोमन साम्राज्यातला माल या किनाऱ्यावर उतरत होता, त्या काळात रोमच्या नाण्यांवर राजघराण्यातल्या बायका दिसू लागल्या होत्या.

इ. स. 37-38 मध्ये कॅलिग्युलाने सेस्टर्शियस या मोठ्या पितळी नाण्यावर आपल्या तिन्ही बहिणी नावानिशी उभ्या केल्या. पुढे सम्राट अंतोनायनस पायसने दिवंगत पत्नी फाउस्टिनाच्या चेहऱ्याची नाणी वर्षानुवर्षं पाडली. त्यांची मुलगी धाकटी फाउस्टिना; तिच्या काही नाण्यांच्या मागे लेकरं सांभाळणारी सुफलतेची देवता आहे. सोन्याचं नाणं सामान्यांच्या हाती क्वचितच लागे. पितळ-तांब्याची नाणी मात्र रोजच्या बाजारात फिरत, त्यामुळे सम्राटाच्या घरी पाळणा हलला ही बातमी भाजीवालीपर्यंत पोचायची. जाहिरातच ती!

इकडे दख्खनवर राज्य करणाऱ्या सातवाहनांनी राणीचा चेहरा नाण्यावर आणला नाही. त्यांनी आईचं नाव आणलं.

1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं एक चांदीचं नाणं मिळालं. अशा नाण्यांवर एका बाजूला राजाचं मस्तक आणि कडेने ब्राह्मी अक्षरं असतात. त्यात राजाच्या नावाआधी 'गोतमिपुतस', म्हणजे गौतमीच्या मुलाचं. गौतमी, वासिष्ठी ही नावं गोत्रावरून आलेली, हे खरं. पण बापाचा तिथे पत्ता नाही.

याहून झणझणीत पुरावा नाशिकजवळच्या जोगळटेंभीचा. 1906 मध्ये तिथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर विजेत्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नाणं हातात धरलं की नहपानाचे नाक-डोळे अर्धवट दिसतात आणि त्यांवर चढलेली चैत्याची खूण आणि 'गोतमिपुतस' ही अक्षरं. हरलेल्या राजाच्या तोंडावर जिंकणाऱ्याच्या आईचं नाव!

त्याच्याही आधीची सातवाहन राणी नागनिका तर स्वतःच्या नावाने नाण्यावर आली. जुन्नर भागातल्या चांदीच्या नाण्यावर तिचं नाव नवऱ्याच्या, म्हणजे आधीच्या एका सातकर्णीच्या नावासोबत आहे. नाणेघाटाच्या लेण्यातल्या तिच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती आणि कार्षापणांचे आकडे आजही वाचता येतात.