स्टॉकटनचा हाय स्ट्रीट

ईशान्य इंग्लंडमध्ये टीज नदीकाठी वसलेल्या स्टॉकटनचा हाय स्ट्रीट देशातला सर्वांत रुंद मानला जातो. ही रुंदी बाजाराची. १३१० मध्ये डरॅमच्या बिशपने बाजाराची सनद दिली आणि बुधवार-शनिवारचा बाजार आजही भरतो. रस्त्याच्या मधोमध अठराव्या शतकातला टाऊन हॉल उभा आहे. याच रस्त्यावर जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने १८२७ मध्ये घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या. पेटंट मात्र त्याने घेतले नाही. पैसा इतरांनी केला.

१९७०च्या दशकात पूर्वेकडच्या जुन्या इमारती पाडून कॅसलगेट हे शॉपिंग सेंटर बांधले गेले. दुकाने आली, पण नदी रस्त्यापासून तुटली. हा सौदा महागच पडला. पुढे शहराबाहेरची मोठी दुकाने आणि ऑनलाइन खरेदी यांनी गिऱ्हाईक ओढले. २०१८ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरनेही गाशा गुंडाळला. मग नगरपालिकेने दुकाने कमी करून मोकळी जागा वाढवायचे ठरवले. कॅसलगेट पाडण्यात आले आणि तिथे थेट नदीपर्यंत जाणारे उद्यान आखले गेले. १९६३ मध्ये बीटल्सनी जिथे कार्यक्रम केला होता, ते ग्लोब नाट्यगृहही अनेक वर्षे बंद राहून २०२१ मध्ये पुन्हा उघडले.