पोचपावतीचा प्रश्न

पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागले, की जासईच्या आसपास कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरची वर्दळ दिसू लागते. दि. बा. पाटलांचे हे गाव आज न्हावा-शेवा बंदराच्या वाटेवर आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरात माल जहाजावर चढला, की निर्यातदाराला बिल ऑफ लेडिंग मिळते. ही मालाची जहाजी पोचपावती. व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर ठरलेला असेल, तर ही आणि इतर कागदपत्रे अटींबरहुकूम सादर होताच बँक पैसे देते. खरेदीदाराचे मन नंतर बदलले, तरी बँक कागदच पाहते.

याच रस्त्यालगत एखाद्या तरुणाने वेब होस्टिंगचा व्यवसाय थाटला, म्हणजे इतरांच्या संकेतस्थळांना सर्व्हरवर भाड्याने जागा द्यायला सुरुवात केली, तर? त्याचा माल डोळ्यांना दिसत नाही. ट्रेलर नाही, शिक्का नाही, घेणाऱ्याची सही नाही. त्याला छळणाऱ्या चार्जबॅकचे मूळ इथेच आहे.

परतावा विक्रेता स्वतः देतो. चार्जबॅकमध्ये पैसे बँकेमार्फत परत ओढले जातात. ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ किंवा ‘सेवा मिळाली नाही’ अशी तक्रार कार्डधारकाने केली, की रक्कम विक्रेत्याच्या खात्यातून वळती होते, वर दंडवजा शुल्कही लागते. निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर पडतो. हा हक्क मुळात दुबळ्या ग्राहकासाठी आहे. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने क्रेडिट कार्डाच्या बिलातील चुकीच्या नोंदींना हरकत घेण्याचा अधिकार दिला. तो अधिकार मोलाचाच आहे. पण त्याच्या आडून लबाडीही चालते.

ही लबाडी दोन प्रकारची. पहिल्या प्रकारात चोरलेल्या कार्डावर होस्टिंग घेतले जाते. सेवा मिनिटांत सुरू होते, पत्ता द्यावा लागत नाही आणि त्या जागेवर बनावट बँकेचे पान उभारता येते. खऱ्या कार्डधारकाला हे बिल आल्यावर कळते. बहुतेक वादांसाठी कार्ड कंपन्यांची मुदत १२० दिवसांपर्यंत असते. तोवर चोर पसार झालेला असतो. दुसऱ्या प्रकारात ग्राहक खराच असतो. तो वर्षभराचे पैसे भरतो, काही महिने संकेतस्थळ चालवतो आणि मग व्यवहारच नाकारतो.

भारतात पहिल्या प्रकाराला बराच आळा बसला. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. तीच पुढे ओटीपीच्या रूपाने आपल्या अंगवळणी पडली. अशी ओळख पटलेला व्यवहार ‘माझा नव्हे’ म्हणून नाकारला गेला, तर तोटा साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. परदेशी कार्डांना मात्र ही सक्ती लागू नाही. ‘सेवा मिळाली नाही’ या तक्रारीपुढे तर ओटीपीही निरुपयोगी ठरतो.

म्हणून होस्टिंगवाल्याला आपली पोचपावती आपणच तयार करावी लागते. ग्राहकाने अटी कधी मान्य केल्या, कोणत्या आयपी पत्त्यावरून प्रवेश केला, फायली कधी चढवल्या, डोमेन कधी जोडले, या नोंदी जपाव्या लागतात. एप्रिल २०२३ पासून व्हिसाने अशा नोंदींना ठोस वजन दिले आहे. ‘व्यवहार माझा नाही’ या तक्रारीत विक्रेत्याने त्याच कार्डावरचे १२० ते ३६५ दिवसांपूर्वीचे, वाद न झालेले दोन व्यवहार दाखवायचे. ग्राहकाच्या किमान दोन खुणा जुळल्या आणि त्यांत आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख असली, तर जबाबदारी बँकेकडे वळते.

बाकीचे पथ्य साधे आहे. पत्ता, देश आणि कार्ड यांचा मेळ नसेल, तर सेवा सुरू करण्याआधी फोन करावा. संशय खरा वाटला, तर तक्रार होण्यापूर्वीच पैसे परत करावेत, तेही त्याच कार्डावर. दुसऱ्या खात्यावर पाठवण्याची विनंती हाच अनेकदा सापळा असतो. चार्जबॅक आल्यावर मात्र वेगळा परतावा देऊ नये, नाहीतर रक्कम दोनदा जाते. उत्तराची मुदत तर कधीच चुकवू नये.

बंदरातल्या व्यापाराला कागदाची ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने लागली. न दिसणारा माल विकणाऱ्याला ती पहिल्याच दिवसापासून अंगी बाणवावी लागते. नाहीतर प्रामाणिक ग्राहकाच्या रक्षणासाठी केलेला नियमच प्रामाणिक विक्रेत्याला बुडवतो.