ट्रॉलीचे दिवे का लागत नाहीत? विजेच्या परतीच्या वाटेची गोष्ट

आजचा विषय अगदी रस्त्यावरचा आहे. पावसाळ्यातली रात्र डोळ्यांपुढे आणा. पूर्व द्रुतगती मार्गावर घाटकोपर मागे टाकून एक पिकअप मुलुंडकडे निघालीय, मागे सामानाची ट्रॉली. पिकअपचे मागचे दिवे ट्रॉलीने झाकलेत आणि ट्रॉलीचे लागतच नाहीत. मागच्या मोटारसायकलवाल्याला कळणार कसं? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात की मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी ६० किलोमीटर वेगाने हे अंतर साधारण नऊ सेकंदांत संपतं. दिवा नसेल तर हे नऊ सेकंद त्याला मिळतच नाहीत.

दिवा गेला की आपण आधी बल्ब बदलतो. बल्ब बघावाच. पण बल्ब चांगला असूनही दिवा मंद असेल, तर आपण विजेची परतीची वाट तपासायला हवी. वीज बॅटरीतून बल्बपर्यंत जाते आणि तिला परत बॅटरीकडे यावंच लागतं. या वाटेला गॅरेजमध्ये अर्थ म्हणतात. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सगळ्यात आधी तिच्यावरच घाला घालतात. पिन हिरवट पडते, चासीवरचा बोल्ट गंजतो.

आता थोडा हिशेब करू. १२ व्होल्टवर २१ वॉटचे दोन ब्रेक लाईट मिळून साडेतीन अँपिअर घेतात. गंजामुळे वाटेत फक्त एक ओहम अडथळा आला, तरी बल्बला जेमतेम ९ व्होल्ट मिळतात आणि उजेड निम्म्याहून कमी होतो. गंमत अशी, की बल्ब काढून मीटर लावलं तर ते पूर्ण १२ दाखवतं! कारण प्रवाह वाहत नसला की अडथळा जाणवतच नाही. म्हणून नुसत्या मीटरवर भरवसा ठेवू नका, २१ वॉटच्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प करा.

आता क्रमाने जाऊ. पहिलं, ट्रॉलीचा प्लग काढा आणि पिकअपचे स्वतःचे दिवे बघा. ते बंद असतील तर फ्यूज तपासा. दुसरं, दिवे चालू ठेवून सॉकेटमध्ये टेस्ट लॅम्प लावा, एक टोक दिव्याच्या पिनला, दुसरं अर्थच्या पिनला. लागला, तर सॉकेटपर्यंत सगळं ठीक. लागला नाही, तर दुसरं टोक पिकअपच्या स्वच्छ बॉडीला टेकवा. आता लागला तर अर्थची वायर तुटलीय. तिसरं, प्लग जोडा, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ट्रॉलीच्या बल्बच्या अर्थला लावा. काटा जवळपास शून्यावर हवा. दोन-तीन व्होल्ट दिसले, तर चोर सापडला. जोड पॉलिश पेपरने घासा, आवळा आणि वर ग्रीस लावा.

काही खुणा नुसत्या डोळ्यांनीही कळतात. इंडिकेटर लावला आणि मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर लुकलुकतोय, तर अर्थ गेलाय समजा. परतीची वाट न मिळाल्याने वीज दुसऱ्या बल्बमधून घुसते. सरळ रस्त्यावर दिवे नीट आणि वळणावर बंद, तर वीज हुकाच्या लोखंडातून परत येत असणार. तिथे अर्थची वेगळी वायर टाकाच.

फ्यूज सारखा उडतोय? मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालू नका, वायर पेटेल. प्लग काढल्यावर उडायचा थांबला तर दोष ट्रॉलीत आहे. चासीच्या धारेवर केबल कुठे घासलीय ते शोधा. वायरींच्या रंगांवर विसंबू नका, आधीच्या कारागिराने हाताला येईल ती वायर जोडलेली असू शकते. मोठ्या ट्रकला बहुधा २४ व्होल्ट असतात, त्याचे बल्ब वेगळे. तपासायची रीत मात्र हीच.

शेवटी एक सवय. निघण्यापूर्वी एकाने केबिनमध्ये बसावं, दुसऱ्याने मागे उभं राहावं. लाल दिवा, ब्रेक, डावा, उजवा. एक मिनिटाचं काम आहे. मागून येणाऱ्याचे ते नऊ सेकंद या एका मिनिटावर अवलंबून आहेत.