खर्जाचा गुरुवार

लंडनच्या शोरडिच भागात, कर्टन रोडवर, प्लास्टिक पीपल नावाचं एक तळघर होतं. बुटकं छत, दोनेकशे माणसांत गच्च भरेल एवढी जागा आणि नाचायच्या खोलीत जवळजवळ मिट्ट काळोख. मालक आदे फाकिले यांनी रोषणाई आणि दिखाव्याकडे पाठ फिरवून सारं लक्ष ध्वनियंत्रणेवर दिलं होतं. या तळघरात गुरुवारी ‘फॉरवर्ड’ नावाची रात्र भरायची. टेपरेकॉर्डरच्या बटणावर असतात तसे दोन बाण तिच्या नावापुढे छापलेले असत. डबस्टेप हे संगीत या रात्रीने घडवलं असं मी म्हणतो, ते शब्दशः खरं मानून.

सुरुवात 2001 सालची, आणि तीही इथली नव्हे. सोहोतल्या व्हेल्वेट रूम्स या क्लबात साराह लॉकहार्ट आणि नील जॉलिफ यांच्या ‘ॲम्युनिशन’ने ही रात्र सुरू केली. त्या वेळी लंडनमध्ये यूके गराज हे नृत्यसंगीत जोरात होतं. सो सॉलिड क्रूचं गाणं त्याच वर्षी ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गराजच्या मोठ्या पार्ट्यांमध्ये शॅम्पेन, झगमगीत कपडे आणि माइकवर अखंड बोलणारा एमसी असा सगळा थाट असे. पण याच संगीताच्या रेकॉर्डांच्या दुसऱ्या बाजूला काही जण वेगळंच करू पाहत होते. एल-बी, झेड बायस, हॉर्सपॉवर प्रॉडक्शन्स यांनी गायकी काढून टाकली, ठेका मोकळा केला आणि खर्ज खोल नेला. या विचित्र, उदास वाद्यसंगीताला मोठ्या क्लबात जागा नव्हती. फॉरवर्डने ती दिली, आणि काही काळाने ही रात्र कर्टन रोडच्या तळघरात स्थिरावली.

गिऱ्हाईक थोडं होतं. पण येणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः संगीत करणारे, रेडिओवर वाजवणारे किंवा रेकॉर्ड विकणारे होते. क्रॉयडनच्या बिग ॲपल या रेकॉर्डच्या दुकानात हॅचा काउंटरवर असायचा. स्क्रीम आणि बेंगा ही शाळकरी पोरं घरच्या संगणकावर तुकडे बनवून त्याच्याकडे आणून द्यायची, आणि हॅचा ते फॉरवर्डमध्ये वाजवायचा. विशीही न गाठलेल्या मुलांचं काम शहरातल्या सर्वांत चोखंदळ कानांपुढे थेट पोचत होतं. कुठल्या संगीत विद्यालयात अशी सोय आहे?

ते पोचायचं कसं, हा भाग मला फार मोलाचा वाटतो. नवा तुकडा तयार झाला की तो दक्षिण लंडनच्या फॉरेस्ट हिलमधल्या ट्रान्झिशन स्टुडिओत नेला जाई. तिथे जेसन गोझ त्याची डबप्लेट कापून देत. डबप्लेट म्हणजे लाखेसारख्या थराने मढवलेली ॲल्युमिनियमची तबकडी. यंत्राची सुई त्या थरात थेट खाच कोरते. छापील रेकॉर्डच्या हजारो प्रती निघतात, ही मात्र एकुलती एक. शिवाय थर मऊ असल्याने दर वाजवणीला ती झिजते आणि काही डझन वेळा वाजली की आवाज विरू लागतो. ही रीत जमैकाच्या साउंड सिस्टिमवाल्यांची. कॅरिबियन स्थलांतरितांबरोबर ती लंडनला आली आणि त्यांच्या नातवंडांच्या पिढीने तिला नवं काम दिलं. एखादा तुकडा हॅचा किंवा यंगस्टा या डीजेंच्याच पेटीत असे, दुकानात महिनोन्‌महिने येत नसे. तो ऐकायचा तर गुरुवारी तळघर गाठायचं, दुसरा मार्ग नाही.

वन्समोअरचीही जमैकन रीतच होती. खर्ज उतरला आणि लोकांनी आरोळी ठोकली, भिंतीवर थापा मारल्या, की डीजे हाताने तबकडी मागे ओढून तुकडा पहिल्यापासून लावायचा. स्क्रीमचा ‘मिडनाइट रिक्वेस्ट लाइन’ 2005 मध्ये रेकॉर्ड म्हणून बाहेर आला, त्याआधीच या खोलीने तो पुन्हा पुन्हा मागून घेतला होता.

संगीताची बांधणीही खोलीनेच ठरवली. वेग मिनिटाला साधारण 140 ठोक्यांचा. पण स्नेअरचा फटका चार मात्रांत एकदाच, तिसऱ्या मात्रेवर. त्यामुळे कान 140 मोजतो आणि अंग 70 च्या संथ लयीत डुलतं. मधली जागा रिकामी, आणि त्या रिकाम्या जागेत 40-50 हर्ट्झचा खर्ज. पन्नास हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास सात मीटर भरते. एवढा खालचा स्वर कानाइतकाच बरगड्यांना कळतो. असा स्वर स्वच्छ उमटवणारी यंत्रणा हाताशी होती म्हणून त्यासाठी लिहिणारे तयार झाले. घरी बनवलेला तुकडा गुरुवारी ऐकायचा, कुठे गिचमीड झाली ते ओळखायचं आणि परत जाऊन आणखी चार गोष्टी काढून टाकायच्या. इथे कोड-नाइन या नावाने वाजवणारे स्टीव्ह गुडमन तर तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. ध्वनीचा शरीरावर आणि भीतीवर होणारा परिणाम या विषयावर त्यांनी 2010 मध्ये ‘सॉनिक वॉरफेअर’ हे पुस्तक लिहिलं.

आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आठवते, आणि तिच्यावरचा लोकांचा राग रास्त आहे. तिथे ॲम्प्लिफायर कुवतीपलीकडे ताणलेला असतो, आवाज फाटतो आणि न मागणाऱ्याच्या घरात शिरतो. फॉरवर्डची खोली बंद होती, आवाज प्रचंड असूनही फाटका नव्हता, आणि आत आलेला प्रत्येक जण ऐकायलाच आलेला होता.

2005 मध्ये माला, कोकी आणि लोफा यांनी ब्रिक्स्टनमध्ये ‘डीएमझेड’ ही आपली रात्र सुरू केली. जानेवारी 2006 मध्ये मेरी ॲन हॉब्ज यांनी बीबीसी रेडिओ वनवर या मंडळींना एकत्र बोलावून एक कार्यक्रम केला आणि जगभरच्या श्रोत्यांचे कान टवकारले. त्या मार्चमध्ये डीएमझेडच्या पहिल्या वाढदिवसाला एवढी रांग लागली, की ऐन वेळी सगळं वरच्या मोठ्या दालनात हलवावं लागलं. पुढे हे संगीत अमेरिकेत गेलं आणि प्रचंड खपलं. स्क्रिलेक्सला 2012 मध्ये त्यासाठी ग्रॅमी मिळाले. तिथे खर्ज वर सरकून मध्यसप्तकातली गुरगुर झाला, कारण लॅपटॉपवर तीच ऐकू येते. मला ते संगीत परकं वाटतं. ज्या रिकाम्या जागेसाठी मुळात सगळा खटाटोप झाला, ती जागाच त्यात भरून टाकली आहे.

2010 साल या मंडळींसाठी विलक्षण ठरलं. फॉरवर्डचा जोडीदार रेडिओ, रिन्स एफएम, 1994 पासून विनापरवाना, गच्च्यांवर चोरून एरियल उभारून चालत होता. त्याला त्या वर्षी अधिकृत परवाना मिळाला. आणि त्याच वर्षी पोलिसांनी प्लास्टिक पीपलच्या परवान्यावर हरकत घेतली. श्रोत्यांनी मोहीम उघडली, क्लब तेव्हा वाचला. त्या वर्षी आलेल्या, फोर टेट या संगीतकाराच्या अल्बममध्ये एका रचनेचं नावच ‘प्लास्टिक पीपल’ आहे. जानेवारी 2015 च्या सुरुवातीला मात्र तळघर कायमचं बंद झालं.

ज्यांना हे ऐकायचं असेल त्यांनी हॉर्सपॉवर प्रॉडक्शन्सच्या 2002 च्या ‘इन फाइन स्टाइल’पासून सुरुवात करावी, मग डिजिटल मिस्टिक्झचा ‘अँटी वॉर डब’, आणि मग बेरिअलचा 2007 चा ‘अनट्रू’. फोनच्या स्पीकरवर लावू नका. त्यावर 50 हर्ट्झ उमटतच नाहीत, नुसता ठेका टिकटिकत राहतो. चांगले हेडफोन घ्या, किंवा मोठा सबवूफर असलेल्या मित्राचं घर गाठा आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.