बळ हवे की दम?

पन्नास किलोचे पोते एका हिसक्यात पाठीवर घेऊन ट्रॉलीत टाकणारा गडी आपल्या प्रत्येक गावात असतो. त्याच्या दंडाकडे पोरे कौतुकाने पाहतात. पण हाच गडी सोमवतीला जेजुरीचा गड चढू लागला, की निम्म्या पायऱ्यांवर कमरेवर हात ठेवून उभा राहतो. छाती भात्यासारखी वरखाली होते, कपाळावर घाम येतो. आणि त्याच्या शेजारून त्याची साठीची आत्या, जिला ते पोते जागचे हलवताही येणार नाही, पदर खोचून, भंडाऱ्याची पुडी हातात घेऊन, न थांबता वर निघून जाते.

असे का होते, याचा कधी विचार केला आहे का? गड्याकडे बळ आहे, आत्याकडे दम आहे. बळ म्हणजे एकदाच मोठा भार उचलण्याची स्नायूंची ताकद. दम म्हणजे पुष्कळ वेळ एका लयीत काम करत राहण्याची हृदयाची आणि फुप्फुसांची ताकद. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. एक मिळवली म्हणजे दुसरी आपोआप पदरात पडत नाही.

तालुक्याच्या गावी आता जिम निघाल्या आहेत. तिथे जाणाऱ्या तरुणांत नेहमी वाद होतो, की वजने उचलावीत का ‘कार्डिओ’ करावा. कार्डिओ म्हणजे दमाचा व्यायाम: भराभर चालणे, पळणे, सायकल, पोहणे, दोरीवरच्या उड्या. तुम्ही म्हणाल, हा वाद रिकामटेकड्यांचा. आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला कसला व्यायाम हवा? वाचकहो, नेमकी इथेच आपली फसगत होते.

मोटर आणि पाइपलाइन

आपले हृदय म्हणजे मुठीएवढा पंप. दिवसातून सुमारे एक लाख वेळा तो रक्त ढकलतो. त्याला लोडशेडिंग नाही की सुट्टी नाही.

तुम्ही झपाझप चालू लागता तेव्हा पायांच्या मोठ्या स्नायूंना जास्त रक्त लागते. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदय जोराने चालते आणि रक्त मोकळेपणाने वाहते. सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवून मोटर चालवावी तसे हे काम आहे. काही महिने रोज असे चालले, की हृदय एका ठोक्यात पूर्वीपेक्षा जास्त रक्त ढकलायला शिकते. मग बसलेले असताना त्याला कमी ठोके द्यावे लागतात. नियमित पळणाऱ्या माणसाची नाडी सावकाश चालते, ती यामुळेच.

आता जड पोते उचलण्याचे पाहा. आपण दात-ओठ खातो, श्वास कोंडतो, अंग ताठ करतो. ताठ झालेले स्नायू आपल्यातल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतात. म्हणजे व्हॉल्व्ह बंद केला आणि मोटर मात्र चालूच ठेवली. अशा वेळी पाइपमध्ये काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. १९८५ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत बारीक नळी घालून, वजन उचलताना रक्तदाब किती चढतो ते मोजले. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचा रक्तदाब १२०/८० च्या आसपास असतो, म्हणजे फरक ध्यानात येईल.

हा दाब काही क्षणांचा असतो. तरुण, निरोगी, सराव असलेले शरीर तो सोसते. पण ज्याला रक्तदाबाचा विकार आहे आणि त्याचा पत्ताच नाही, अशा पन्नाशीच्या माणसाने श्वास कोंडून पोते ओढणे म्हणजे जुन्या, चिरलेल्या पाइपलाइनवर जास्तीचा दाब टाकणे होय.

लंडनचे कंडक्टर

दमाच्या कामाने हृदय टिकते, हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवले ते जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी, १९५३ साली. त्यांनी लंडनच्या दुमजली बसवर काम करणाऱ्यांची पाहणी केली. ड्रायव्हर दिवसभर बसून असत. कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभर जिना चढत-उतरत असत. शहर एक, बस एक. तरीही हृदयविकार कंडक्टरांत ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळला. झालाच तर तो उशिरा होई आणि त्यात दगावणाऱ्यांचे प्रमाणही कमी असे. कंडक्टर काही पोती उचलत नव्हते. ते फक्त सतत पाय चालवत होते.

अलीकडचे उदाहरण अमेरिकेतल्या आयोवा राज्याचे आहे. हे राज्य मका आणि सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे. तिथल्या विद्यापीठाने वजन आणि रक्तदाब वाढलेल्या, ३५ ते ७० वर्षे वयाच्या ४०६ स्त्री-पुरुषांचे चार गट केले. पहिल्या गटाने फक्त दमाचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त वजने उचलली. तिसऱ्याने निम्मा वेळ हे आणि निम्मा वेळ ते केले, तर चौथ्याला काहीच व्यायाम दिला नाही. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी एक तास, असे वर्षभर चालले. २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर आणि अंगावरची चरबी या चारही गोष्टींचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत दमाचा व्यायाम करणाऱ्यांना फायदा झाला. दोन्ही निम्मे-निम्मे करणाऱ्यांनाही झाला. नुसती वजने उचलणाऱ्यांचा हिशेब मात्र फारसा सुधारला नाही.

तेव्हा हृदयापुरते विचाराल, तर पहिला मान दमाचा.

मग बळ वाया गेले का?

मुळीच नाही. चाळिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू झिजतात. म्हाताऱ्या माणसाला जमिनीवरून उठताना कोणाचा तरी हात लागतो, तो यामुळेच. पाय लटपटतो, माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि चालती-बोलती सासूबाई खाटेला खिळते. बळाचा व्यायाम स्नायू राखतो, हाडे घट्ट ठेवतो. शिवाय रक्तातली साखर खर्च होण्याचे मोठे ठिकाण म्हणजे स्नायू. मधुमेह आता खेड्यातही घराघरात शिरला आहे, तेव्हा हा फायदा लहान नाही. बेताचे वजन, श्वास न कोंडता, नियमित उचलले तर काही महिन्यांनी रक्तदाबही थोडा उतरतो.

आपल्या तालमीतल्या वस्तादांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. ते पोराला नुसते वजन उचलायला लावत नाहीत. जोर, बैठका, पळणे, लढत, सगळे करून घेतात. कुस्तीत पकड बळाची असते. पण लढत लांबली की जिंकतो तो दमाचा. आणि तालीम सुटल्यावर ज्याने खुराक सोडला नाही, त्या पैलवानाचे पुढे काय होते, हेही आपण पाहतोच.

“मी तर दिवसभर राबतो!”

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रानातले काम व्यायामात धरावे का?

डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे एक लाखाहून अधिक लोकांची अनेक वर्षे पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात चालणाऱ्या, व्यायाम करणाऱ्या लोकांत हृदयाचे दुखणे कमी होते. पण पोटासाठी अवजड काम करणाऱ्यांत ते कमी नव्हते, उलट जास्त होते. अशा पाहणीवरून कामामुळेच दुखणे झाले, असे ठाम म्हणता येत नाही. तरी कारणांचा अंदाज बांधता येतो. व्यायाम अर्ध्या-पाऊण तासाचा असतो आणि मग विश्रांती मिळते. काम आठ-आठ तास चालते. थकल्यावर थांबण्याची मुभा नसते. त्यात उचलणे, ओढणे, वाकून राहणे फार आणि एका लयीत चालणे थोडे. दिवसभर दाब चढलेला राहतो आणि दम मात्र वाढत नाही.

शिवाय आपले काम तरी पूर्वीचे राहिले आहे का? आजोबा औतामागे दिवसभर चालत. आता नांगरट ट्रॅक्टर करतो. बांधापर्यंत मोटारसायकल जाते. मोटर तर घरातूनच मोबाइलवर चालू होते. उरले काय? खताची पोती, उसाच्या मोळ्या, दुधाच्या किटल्या. म्हणजे चालणे गेले आणि ओझे तेवढे राहिले. त्यातही लावणी-काढणीला पंधरा दिवस जीव जाईपर्यंत काम आणि एरवी पारावर बैठक.

घरच्या लक्ष्मीचेही तसेच. खुरपणी, धुणे, पाणी, स्वयंपाक यांनी ती रात्री मोडून जाते. पण वाकून-बसून केलेल्या कामाने अंग दुखते, दम वाढतोच असे नाही. ‘तिचा व्यायाम होतोच की’ असे म्हणून तिच्या वाटचे अर्धा तास चालणे काढून घेऊ नका. त्या अर्ध्या तासापुरती चूल दुसऱ्या कोणी सांभाळावी.

काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेला हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे दमाचा मध्यम व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. शिवाय निदान दोन दिवस बळाचा व्यायाम करावा.

यासाठी जिमची फी भरायला नको. रान मैल-दीड मैलावर असेल तर एक वेळ तरी मोटारसायकल घरी ठेवा आणि झपाझप चालत जा. चाल अशी हवी, की बोलता यावे पण अभंग म्हणता येऊ नये. उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवस कलल्यावर चाला. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर पायी जाणारे म्हातारे वारकरी आपण पाहतो. वारी वर्षातून एकदा असते. हृदयाला मात्र रोज थोडी वारी हवी.

बळासाठी जमतील तेवढ्या बैठका, दहा-बारा जोर. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा आणि जोर भिंतीला हात टेकून काढा. दोन्ही हातांत पाण्याच्या अर्ध्या बादल्या घेऊन अंगणात चार फेऱ्या मारा. साठी ओलांडलेल्यांनी तर हे सोडूच नये.

ज्यांचे वय चाळिशीपुढे आहे, ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखू-विडी आहे, त्यांनी सुरुवात करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात रक्तदाब तपासून घ्यावा. तो पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर निघाला, तर आधी डॉक्टरांचा सल्ला, मग ओझे. चालायला लागलो म्हणून मनानेच गोळ्या बंद करू नयेत. आणि व्यायामाने तंबाखू-मिश्रीचे पाप धुतले जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

पोते उचलताना

युरियाचे पोते आता ४५ किलोचे आहे. डीएपी, सिमेंट ५० किलोचे. ते उचलावे लागणारच. मग असे उचला: पोत्याजवळ उभे राहा, गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा, पोते अंगाशी धरा आणि उठताना तोंडाने श्वास सोडा. श्वास कोंडू नका. शक्य तिथे दोघांनी मिळून उचला. दहा पोती झाल्यावर दोन मिनिटे टेका. पैजा लावून पोती उचलण्याचा नाद सोडा.

हे कधीही दुर्लक्षू नका

चालताना किंवा ओझे उचलताना छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटले, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत गेली, गार घाम सुटला, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर ‘पित्त झाले’ म्हणून सोडा पिऊन पडू नका. बायकांत आणि मधुमेहाच्या रोग्यांत छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, मळमळ, कमालीचा थकवा असेही होते. काम तिथेच थांबवा, १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. त्या माणसाला मोटारसायकल चालवू देऊ नका. अशा वेळी वेळ फार मोलाचा असतो.

पुढच्या खेपेला गडाच्या पायथ्याशी उभे राहाल तेव्हा स्वतःलाच विचारा: आपण न बसता वर पोचू का? उत्तर ‘नाही’ असेल, तर खंत करू नका. दंड शाबूत आहेत, तेवढे भांडवल हाती आहे. उद्या सकाळी चपला घाला आणि बांधापर्यंत चालत जा. घरच्यांनाही बरोबर घ्या.