वटवाघळाचा विषाणू आणि प्रथिनांची किल्ली

२०२० साली करोनाची साथ जगभर पसरली आणि वटवाघूळ या मुक्या प्राण्याच्या नावाने लोक बोटे मोडू लागले. 'करोना वटवाघळापासून आला' हे वाक्य तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी होते. परंतु वटवाघळाच्या अंगातील विषाणू माणसाच्या पेशीत शिरतो कसा, आणि प्रत्येक विषाणूला ते का साधत नाही, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर विषाणूच्या प्रथिनांत आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. तेव्हा मध्येच हिशेबाची भाषा आली तर विज्ञान शाखेच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम प्रथिन म्हणजे काय ते पाहू. प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ होय. मणी वीस प्रकारचे. ते कोणत्या क्रमाने ओवले आहेत यावर माळ कशी दुमडणार हे ठरते, आणि दुमडून जो आकार तयार होतो त्यावर तिचे काम ठरते. म्हणून एखादा मणी बदलला तरी कधी काही बिघडत नाही, तर कधी सारे कामच पालटते.

करोना विषाणूचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर. म्हणजे एका सेंटिमीटरात एक लाख विषाणू ओळीने बसतील! त्याच्या पोटात आरएनएचा एक धागा असतो. सुमारे तीस हजार अक्षरांच्या या वहीत सर्व प्रथिनांची कृती लिहिलेली असते.

विषाणूचे शरीर मुख्यतः चार प्रथिनांचे बनते. 'एन' प्रथिन आरएनएचा धागा गुंडाळून नीट ठेवते. 'एम' प्रथिन बाहेरच्या आवरणाला आकार देते. 'ई' हे अगदी लहान, जेमतेम ७५ अमिनो आम्लांचे. नवा विषाणू जुळवून बाहेर काढण्याच्या कामी ते येते. चौथे 'एस' म्हणजे आवरणावर उभे असलेले काटे. या काट्यांची झालर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात प्रभामंडळासारखी दिसली, म्हणून १९६८ साली शास्त्रज्ञांनी या कुळाला 'करोना' हे नाव दिले.

वहीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग मात्र शरीराच्या नव्हे, तर कारभाराच्या प्रथिनांनी भरलेला आहे. ही सोळा प्रथिने आधी लांबलचक साखळीच्या रूपात तयार होतात. मग त्यांच्यातलीच दोन कातरणारी प्रथिने साखळीचे तुकडे पाडतात. एक प्रथिन आरएनएच्या नकला काढते. दुसरे त्या नकला तपासून चुका दुरुस्त करते. ते जणू विषाणूच्या पेढीवरचे हिशेब तपासनीसच! आणखी एक पेशीच्या प्रथिने बनविणाऱ्या यंत्रात जाऊन अडकते आणि पेशीचे स्वतःचे उत्पादन बंद पाडते. यजमानाचा कारखाना, माल मात्र पाहुण्याचा, असा हा प्रकार आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी दार उघडावे लागते. कोविडच्या विषाणूसाठी आपल्या पेशीवरील 'एस-२' हे प्रथिन कुलूप ठरते. नावे सारखी असली तरी विषाणूचे 'एस' वेगळे आणि पेशीवरचे 'एस-२' वेगळे, हे ध्यानात ठेवावे. विषाणूच्या काट्याचे टोक ही किल्ली. २००२-०३ च्या सार्स साथीत ७७४ माणसे दगावली. त्या विषाणूचे भाऊबंद नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेल्या वटवाघळांत सापडल्याचे २००५ साली जाहीर झाले. २०१३ साली चीनच्या युनान प्रांतातील वटवाघळांतून असा एक जिवंत विषाणू वेगळा काढण्यात आला, की ज्याची किल्ली माणसाच्या कुलपालाही चालत होती.

पुढची तुलना अधिक बोलकी आहे. युनानमधीलच 'आरएटीजी-१३' या विषाणूची वही कोविडच्या विषाणूशी सुमारे ९६ टक्के जुळते, पण किल्लीच्या दातांत बराच फरक आहे. उलट लाओसमधील वटवाघळांत सापडलेल्या, २०२२ साली सविस्तर प्रसिद्ध झालेल्या काही विषाणूंत कुलपाला भिडणारी अमिनो आम्ले कोविडच्या विषाणूपेक्षा अवघ्या एक-दोन जागी वेगळी आहेत, आणि ती मानवी कुलपाला घट्ट बसतात. तरीही एक गोष्ट या सर्वांत नाही. कोविडच्या काट्यात चार जादा अमिनो आम्ले घुसलेली आहेत. त्यामुळे आपल्या पेशीतले फ्युरिन नावाचे विकर काटा आधीच कापून ठेवते आणि शिरकाव सोपा होतो. १२७३ मण्यांच्या माळेत चार मणी, पण केवढा फरक! हा विषाणू माणसात नेमक्या कोणत्या वाटेने आला, याबद्दल मात्र अद्याप एकमत नाही.

या अभ्यासाचा उपयोग काय? काटा पेशीत घुसताना आपला आकार बदलतो. त्यातील दोन अमिनो आम्ले बदलून तो मूळ आकारातच रोखून धरण्याची युक्ती अनेक लसींत वापरली गेली. औषधांसाठी कातरणारे प्रथिन उपयोगी पडले. २००३ आणि २०१९ च्या विषाणूंचे हे मुख्य प्रथिन सुमारे ९६ टक्के सारखे आहे; काटा मात्र सुमारे ७६ टक्केच. जे सहसा बदलत नाही त्यावर नेम धरणे शहाणपणाचे, हे त्यामागचे सूत्र.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेलाही भारतातील फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या दोन जातींत करोना विषाणू आढळल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. परंतु ते कोविडच्या विषाणूचे निकटचे नातलग नव्हेत. 'वटवाघळात करोना आहे' एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. किल्ली कोणती, हे पाहावे लागते.

आपल्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत जगात मोजक्याच ठिकाणी आढळणारे एक कीटकभक्षक वटवाघूळ राहते. भीतीपोटी अशा गुहांत धूर करणे किंवा त्यांची तोंडे बुजवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. वटवाघळांना हात लावू नये, त्यांच्या गुहांत उगाच शिरू नये आणि त्यांना सुखाने राहू द्यावे. त्यांचे आणि आपले, दोघांचेही हित त्यातच आहे.